गोंदण, टॅटू अन् टोचणं : दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दहा बाय दहाचं टॅटूचं दुकान आहे. गिऱ्हाईक बाकावर बसलं की तेच ते प्रश्न सुरू होतात, आणि हातात मशीन असताना धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडचे आहेत तसेच ठेवलेत.

"ताई, टॅटू म्हणजे गोंदणच ना?"

गोंदणच. कातडीचा वरचा थर महिना-दीड महिन्यात झडून नवा येतो, तिथे रंग टिकणार नाही. म्हणून सुई दीड-दोन मिलिमीटर खाली, दुसऱ्या थरात न्यावी लागते. तिथे शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी रंगाचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. पेशी मेली की कण मोकळे होतात आणि नवी पेशी ते पुन्हा गिळते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपट्या गोंदून हे दाखवलं. तुमच्या आजीच्या हातावरचा विंचू साठ वर्षं एका जागी बसलाय तो असा, हातोहात.

फरक हत्यारात आहे. गोंदणारीण तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायची, त्याच्याही आधी बाभळीचा काटा. मी मशीन वापरते. त्या मशीनचं पहिलं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने १८९१ मध्ये घेतलं, तेही एडिसनच्या विजेच्या पेनावरून सुचलेलं. ते पेन कागदाला भोकं पाडून नकला काढायला होतं. यानं कातडीला पाडली.

"मंग बुढीचं गोंदण हिरवं अन् तुमचं काळं काहून?"

आजीचंही काळंच होतं. दिव्यावर भांडं पालथं धरून काजळी जमवायची आणि ती सुईने आत घालायची. काजळी म्हणजे कार्बन, तो हिरवा होत नाही. पण कण खोल असले की त्यांच्यापर्यंत पोचलेला लाल उजेड तिथेच गडप होतो आणि निळसर उजेड वर फेकला जातो. तो आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीतून गाळून आला की डोळ्याला हिरवट लागतो. हातावरच्या नसांचंही साधारण तसंच आहे, रक्त काही हिरवं नसतं. माझं कामही वीस-पंचवीस वर्षांनी त्याच वाटेने जाणार, हे मी आधीच सांगते.

"हे फॅड बाहेरून आलं, आपल्यात नव्हतं असं काही."

हा प्रश्न नव्हे, पण आठवड्यातून दोनदा ऐकते. एकदा एक काका मुलीला ओढत घेऊन आले, "हिले समजावून सांगा" म्हणाले. सोबत त्यांची आई होती. मी काही बोलायच्या आतच म्हातारीने पदर सारला. मनगटापासून कोपरापर्यंत ठिपके, मधे तुळशीवृंदावन, अंगठ्याच्या बुडाशी विंचू. काका छताकडे बघत बसले.

आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये एका माणसाचं प्रेत सापडलं, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचं. त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्यात. बहुतेक रेघा पाठीवर, गुडघ्याला, घोट्याला, म्हणजे जिथे हाडं दुखतात तिथे. आपल्याकडेही गुडघा धरला की त्याच्याभोवती ठिपके गोंदून घेणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. वात जातो म्हणायच्या. जातो का? मला तरी तसं दिसलं नाही, पण सवय किती जुनी आहे ते बघा.

"पहिले लोक काय काय गोंदत होते?"

गावाप्रमाणे आणि जातजमातीप्रमाणे वेगळं. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया बाया, धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू, झरी-मारेगावच्या कोलाम, आमच्याकडच्या तांड्यावरच्या बंजारा बाया, सगळ्यांचं गोंदण आहे आणि एकमेकींसारखं नाही. गोंडांमध्ये ओझा बायकांचा तर हा धंदाच. कुणबी-तेल्यांच्या घरात कपाळावर चंद्रकोर नाहीतर बारीक टिकली, हनुवटीवर एक ठिपका, हातावर तुळस, विंचू, मोराची जोडी, कृष्णाचा पाळणा, भावाचं नाव. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, पण हातावर चालायचं!

सुगी झाली की गोंदणारीण गावात यायची. ओसरीवर पोरीला बसवायचं, एक मावशी हात धरणार, दुसरी तोंड दाबणार, गोंदणारीण गाणं म्हणत टोचत जाणार. मोबदला रोख नाही, पायली-अधपायली ज्वारी आणि जुनं लुगडं. माझी आजी सांगायची, गाणं दुखणं विसरावं म्हणून नव्हतं, पोरीचं रडणं शेजारी जाऊ नये म्हणून होतं.

आणि ते मेल्यावर सोबत जाण्याचं. दागिने उतरवून घेतात, गोंदण कोण उतरवणार, म्हणून तेवढं बाईचं स्वतःचं. ज्या घरात बाईच्या नावावर बांधावरचं झाडसुद्धा नव्हतं तिथे हे म्हटलं जायचं, एवढं मात्र मला कधी विसरता येत नाही.

जत्रेत पोर हरवू नये म्हणून त्याच्या दंडावर नाव-गाव गोंदायचे तो प्रकार निराळा. त्यात हौस नव्हती, तो पत्ता होता.

"आताचे पोट्टे काय काढतात?"

आईबाबा. महादेव. राजमुद्रा. चौदा ऑक्टोबरच्या आसपास 'जय भीम' आणि अशोकचक्र. गोंड पोरं 'जय सेवा', तांड्यावरची 'जय सेवालाल'. आणि पंख असलेलं काहीतरी, जे त्यांनी मोबाईलवर पाहिलेलं असतं.

"मले भरती माराची हाय. टॅटू चालते का?"

सकाळी ग्राउंडवर पळणारा प्रत्येक पोरगा हे विचारतो, आणि बहुतेक जण काढून झाल्यावर विचारतात. म्हणून नीट वाचा.

आर्मीत कायमचा टॅटू दोनच जागी चालतो : कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. दंड, छाती, मान, पाठ, पोटरी, कुठेही दुसरीकडे असला तर पुढे घेत नाहीत. आदिवासी उमेदवाराच्या अंगावर जमातीच्या चालीरीतीप्रमाणे गोंदण असेल तर त्याचा वेगळा विचार होतो. जमातीचा दाखला जवळ ठेवा.

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांचा नियम आणखी आवळलेला आहे. हाताची आतली बाजू, पण फक्त डावा हात, कारण उजव्याने सॅल्यूट करायचा असतो. नाहीतर तळहाताची मागची बाजू. आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा लहान हवा. देवाधर्माचं चिन्ह किंवा नाव चालतं, बाकीचं नाही.

म्हणजे उजव्या हाताच्या आत काढलात तर आर्मीला चालेल आणि सीआरपीएफला अडेल. दोन्हीकडे फॉर्म भरणार असाल तर माझा साधा सल्ला : भरती होईपर्यंत काढूच नका. जॉइनिंग लेटर दाखवलं तर मी दरात सूट देते. आणि मेडिकलला महिना उरलाय म्हणून लेझर मारून घेऊ नका, एवढ्यात टॅटू जात नाही, वर डाग उरतो. ज्या वर्षी फॉर्म भराल त्या वर्षीच्या जाहिरातीतलं वैद्यकीय पात्रतेचं पान स्वतः वाचा, मित्राने सांगितलेलं नाही.

"दुखते का वं ताई?"

दुखते. दंडावर कमी, बरगडी-घोट्यावर जास्त. उपाशी येऊ नका, भाकरी खाऊन या. दारू पिऊन आलात तर परत पाठवते.

"जत्रेत शंभर रुपयात होते, तुमच्याकडं येवढे काहून?"

माझा पहिला टॅटू जत्रेतलाच. सोळा वर्षांची होते. कनातीच्या कडेला एक जण सतरंजीवर बसला होता, समोर बॅटरी, मशीन आणि स्टीलचा गिलास. माझ्या आधी चार जणी झाल्या. प्रत्येकीनंतर तो सुई त्या गिलासातल्या पाण्यात बुडवायचा आणि सदऱ्याच्या बाहीला पुसायचा. पाणी आधी राखाडी होतं, माझा नंबर आला तेव्हा तांबूस. मी ते पाहिलं होतं. पण मैत्रिणी बघत होत्या, उठले नाही. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, आठवडाभर इंजेक्शनं घेतली. पुढे महिनोन्‌महिने कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्यांची भीती. त्या निर्दोष आल्या ते नशीब. अक्षरं मात्र अजून गाठीसारखी उचललेली आहेत, गिऱ्हाइकांना हात लावून बघायला देते.

हिपॅटायटीस बी, म्हणजे त्या काविळीचा विषाणू अंगाबाहेर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. तो सुईवर असतो तसाच रंगाच्या कपात असतो, हातमोज्यावर असतो, गिलासात असतो. नुसती सुई बदलून भागत नाही. कोणाकडेही जा, माझ्याकडेच या असं नाही, पण सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. रंग मोठ्या बाटलीतून छोट्या कपात ओतला पाहिजे आणि उरलेला टाकला पाहिजे, बाटलीत परत नाही. मोबाईल उचलला तर हातमोजे बदलले पाहिजेत. वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत गेली तर झाडणाऱ्या बाईच्या हातात घुसते, तिला पांढरा जाड डबा हवा. हे विचारायला लाजू नका. विचारल्यावर जो चिडेल त्याच्यासमोरून उठा, मी उठले नाही तसं करू नका.

मशीनचे भाग परत वापरायचे असतील तर ऑटोक्लेव्ह लागतो : १२१ अंश, दाबाखालची वाफ, पंधरा-वीस मिनिटं. उकळत्या पाण्यात टाकणं म्हणजे ते नव्हे. मी एकदाच वापरायची, सुई बसवलेली कार्ट्रिजं घेते, कारण आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. अर्धवट नाव घेऊन दोन तास बसलेलं गिऱ्हाईक मी पाहिलंय. तेव्हापासून मशीनही बॅटरीचं.

हिपॅटायटीस बीची लस तीन डोसांची असते : आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. मी घेतलीय. तुम्हीही घ्या, टॅटू काढा नाहीतर नका काढू.

"टॅटू काढल्यावर रक्तदान?"

बारा महिने नाही. कान-नाक टोचल्यावरही तेच. शिबिरात लपवू नका.

"दुसऱ्या दिवशी वावरात जाता येते का?"

जाता येतं, पण हंगाम बघून काढा. कापूस वेचणीच्या दिवसांत हात दिवसभर पऱ्हाटीत असतो, बोंडाची टोकं ओरखडतात आणि खपली निघते. भंडारा-गोंदियाकडची मंडळी रोवणीच्या आधी येतात आणि मग गुडघाभर चिखलात उभी राहतात. चिखलपाणी आणि उघडी जखम, याहून वाईट जोडी नाही. कॅनॉलमध्ये, विहिरीत पोहणं तीन आठवडे बंद.

फवारणी तर अजिबात नाही. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हा औषध धड कातडीतूनही आत जातं हे सगळ्यांना कळलं. ताजा टॅटू म्हणजे सोललेली कातडी. पंप दुसऱ्याला द्या.

बाकी साधं आहे. दिवसातून दोनदा साध्या साबणाने धुवा, टिपून कोरडं करा, मी दिलेलं मलम पातळ लावा. जाड थर लावला तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशात खाली नुसती वाफ होते. हळद-तेल लावू नका, डब्यातली हळद भाजीसाठी असते. खाजेल, खाजवू नका. खपल्या आपोआप पडू द्या. गाडी चालवताना सुती बाही.

"मले शुगर हाय", "मले सिकलसेल हाय"

शुगर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही, आधी ती आणा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या पट्ट्यात घरोघरी आहे, म्हणून मी आपणहून विचारते. एएस असाल, म्हणजे नुसते वाहक, तर सहसा अडचण येत नाही. एसएस असाल, म्हणजे आजारच असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी सुई लावत नाही. संसर्ग, पाणी कमी पडणं, अंगावर ताण, यांतल्या कशानेही दुखण्याचा झटका येऊ शकतो. घोट्याजवळ तर कुणी सांगितलं तरी नाही, तिथे एसएसवाल्यांना जखमा होतात आणि वर्षानुवर्षं भरत नाहीत. गरोदर बायांनीही थांबावं. ज्यांच्या जखमेचा व्रण फुगून गाठ होते त्यांनीही विचार करावा.

"लेकराचे कान कवा टोचाचे?"

बारशालाच टोचायची चाल आहे. माझं मत, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसी होऊ द्या, त्यात धनुर्वात आणि हिपॅटायटीस बी दोन्ही येतात.

आणि कुठे टोचायचे? सोनाराकडे, असं म्हटलं की लोक चकित होतात, कारण टोचण्याचे पैसे मलाही मिळतात. पण सोनार ज्या तारेने टोचतो ती त्याच लेकराची असते आणि तिथेच वळवून कानात राहते. एकाची तार दुसऱ्याला जात नाही. बाजारातली ती प्लॅस्टिकची बंदूक मात्र शेकडो कानांना लागते आणि ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, वितळेल. सोनाराला फक्त हात धुवायला आणि तार स्पिरिटने पुसायला सांगा.

भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालायची पद्धत अजून आहे. माझ्याही कानात होती. झाडाची काडी जखम भरेपर्यंत नको, नंतर हरकत नाही.

"कानाच्या वरच्या भागाले, बुगडीच्या जागी?"

कानाची पाळी, म्हणजे खालचा मऊ भाग, सहा-आठ आठवड्यांत भरते. वरचा भाग कूर्चेचा, त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, भरायला सहा महिने ते वर्ष. तिथे बंदूक लावली की कूर्चा चेचली जाते. वरचा कान लाल, गरम, ठणकणारा आणि खाली पाळी मात्र नेहमीसारखी, असं दिसलं तर घरगुती उपाय थांबवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा. उशीर झाला तर कान आक्रसतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

इमिटेशनचं घातलं की कान चिघळतो, त्याला बहुतेक वेळा निकेल कारण असतं. सोनं परवडत नसेल तर टायटॅनियमची लवंग घ्या.

"पोट्ट्यानं कान टोचला त लोक हासतात."

हसणाऱ्यांना त्यांच्या आजोबांचं नाव विचारा. आपल्याकडे गावागणिक एक नथ्थूजी असतो. आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्या मुलाचं नाक टोचायचे, नथ घालायचे, म्हणजे काळाला ती मुलगी वाटावी आणि त्याने सोडून द्यावं. म्हणून नथ्थू. उकंडराव त्याचाच भाऊ, उकिरड्यावर ठेवून उचललेला. आणि नाथपंथी कानफाटे तर कान चिरून मुद्रा घालतात, त्यापुढे तुमची बाळी काय!

"पाळी फाटली, बाजारात औषधानं चिकटवून देतात म्हणे."

कातडी जाळून चिकटवण्याचा प्रकार आहे, नको. सर्जन जागा बधिर करून टाके घालतो, त्याच दिवशी घरी येता. दोन-तीन महिन्यांनी बाजूला नवं भोक, जुन्या रेषेवर नाही. आणि ते जड झुमके आता देवघरात ठेवा.

"काळी मेहंदी त चालते ना, ती त जाते?"

जाते, कधीकधी कातडी घेऊन. मेहंदीचा रंग तांबूस असतो. पाच मिनिटांत काळीभोर चढणाऱ्या मेहंदीत केस काळे करायचं पीपीडी नावाचं रसायन असतं. ज्याला ते सोसत नाही त्याच्या हातावर नक्षीच्या आकाराचे फोड येतात, आणि पुढे आयुष्यभर केसांचा डायही बाधतो.

"मेळघाटातले लोक लेकराच्या पोटावर डाग देतात, तेही यातच येते का?"

नाही. त्याला तिकडे डंबा म्हणतात : लेकराचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके. गोंदणाशी त्याचं काही नातं नाही. अंगावर खूण राहते म्हणून लोक दोन्ही एका पोत्यात घालतात आणि मग आदिवासींचं सगळंच अघोरी ठरवतात. गोंदण हौसेचं आणि ओळखीचं, डंबा दुखण्यावरचा चुकीचा उपाय. पोट फुगलेल्या लेकराला आधीच न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग असू शकतो, त्यात भाजल्याची जखम. आशाताईला बोलवा, १०८ ला फोन करा.

"नाव काढलं होतं, आता लग्न दुसरीकडं जमलं."

लेझरने फिकं होतं. काळा रंग सगळ्यांत बरा जातो, हिरवा-निळा हट्टी. सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बसण्या, नागपूर-अमरावतीला त्वचारोगतज्ज्ञाकडे, आणि काढायच्या खर्चापेक्षा घालवायचा खर्च कितीतरी जास्त. नाहीतर मी त्याच्यावर मोर काढून देते. या तालुक्यात माझे बरेच मोर आहेत, आणि कोणाच्या पिसाऱ्याखाली कोण आहे ते मी सांगत नसते.

"आजीचं गोंदण हाय तसंच माह्या हातावर काढून देता का?"

देते, आणि हे काम मला सगळ्यांत आवडतं. आजी हयात असेल तर तिला घेऊन या. तिचा हात टेबलावर ठेवून वरून बटर पेपर लावते आणि बारीक पेनाने ठिपका न् ठिपका उतरवते. कातडी सैल झालेली असते, म्हणून एका हाताने ताणून धरावी लागते, म्हाताऱ्या त्यावर हसतात. फोटोवरून करायचं तर उन्हात, समोरून, ताणलेल्या हाताचा फोटो हवा.

अडचण एकच येते. साठ वर्षांत रेघ पसरलेली असते, दोन ठिपक्यांचा एक झालेला असतो. मग आता दिसतं तसं काढायचं की तेव्हा असेल तसं, हे मी आधी विचारून घेते. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगी आजीचा विंचू घेऊन आली. त्याला एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला तीनच पाय. मी स्टेन्सिलवर आठवा पाय जोडला. आजी म्हणाली, "तो नको घालू. तवा मी हात हिसकून पयाले होती."